लाल गोल

१

तुंगार्लीतल्या त्या बंगल्याची फरशी मी रोज सकाळी पुसते. आधी दिवाणखाना, मग जिना, मग वरची झोपायची खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. पुसून झालं की खिडक्या उघडते आणि फरशी वाळेपर्यंत मागच्या पायरीवर बसून चहा घेते. घरात माणसं असोत नसोत, हा नेम मोडत नाही. बंगला मुंबईच्या ऋषभ साहेबांचा. ते आणि यशोधरा मॅडम शनिवार-रविवार यायचे. बाकीचे दिवस बंगला माझाच असल्यासारखा.

ते दोघं गेले त्याच आठवड्यातली गोष्ट. फरशी पुसली, चहा घेतला, आत आले. थंडीचे दिवस, कोवळं ऊन थेट जिन्यापर्यंत आलेलं. सगळी फरशी वाळली होती. फक्त पुढच्या दारापासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत ओली पावलं होती. अनवाणी, बाईमाणसाची.

उजवं पाऊल पूर्ण उमटलं होतं. डाव्याला टाच नव्हती, नुसता चवडा आणि बोटं.

मॅडमचा डावा घोटा लहानपणी मोडला होता. ती टाच कधी जमिनीला टेकायची नाही. मी त्यांच्या पायांना तेल लावलंय, मला ठाऊक आहे.

मी स्वतःलाच समजावलं. आपलंच फडकं ठिबकलं असेल. माझी मुलगी तेजल कामावर जाताना डोकावली असेल. पण तेजल चिक्कीच्या दुकानात माझ्याआधीच जाते, आणि पुढचं दार मी आतून लावलेलं होतं. मी गुडघ्यावर बसून पावलं पुसली. फडक्याला गाळाचा वास आला. धरणाचं पाणी ओसरलं की काठावर जो राहतो, तो काळा गाळ.

२

साहेब-मॅडम त्या रविवारी दुपारी पवना धरणाकडे जेवायला निघाले होते. गाडी निवृत्ती चालवत होता. निवृत्ती आंदर मावळातला, टाकव्याच्या पुढचा. चाळिशीचा, लग्न न जमलेला, घरी एकटी आई. बंगल्यावर आला की तो पुढच्या दारानं कधी यायचा नाही. मागं येऊन चपला हातात घ्यायचा, स्वयंपाकघराच्या दाराची कडी दोन बोटांनी हळूच वाजवायचा आणि म्हणायचा, "ताई, घोटभर चहा मिळंल का?" दर वेळी मी द्यायचीच, तरी दर वेळी विचारायचा.

धरणाकाठच्या वळणावर गाडी घसरली आणि पाण्यात गेली. समोरच्या काठावर तंबूत राहायला आलेली पोरं रील काढत होती. त्यातल्या एकाच्या फोनमध्ये ते सगळं आलं. गाडी उतारावरून घसरते, पाण्यावर जरा वेळ तरंगते, मागच्या काचेला आतून एक हात लागतो आणि व्हिडिओ संपतो. मागून कुणीतरी ओरडतं, "अरे शूट कर, शूट कर!" पाण्यात कुणी उडी मारली नाही.

गाडीत माणसं तीन होती. टीव्हीवर दोनच मेली. "उद्योगपती दांपत्याचा करुण अंत." लग्नातले फोटो, बर्फातले फोटो, कुत्र्याला घेतलेले फोटो. खालच्या पट्टीवर एकदा "चालकाचाही मृत्यू" असं सरकत गेलं. जेवणाच्या वेळेपर्यंत तेही गेलं.

वळणावर लोक मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. मीही गेले, मॅडमसाठी प्राजक्ताची फुलं ठेवायला. तिथं एक मुलगी मेणबत्ती पेटवून रडत होती, तिची मैत्रीण फोन धरून म्हणाली, "वारा आला गं, विझली. परत पेटव." मग ती परत रडली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ एकावर एक सडत पडले होते, त्यांच्या आत काळं पाणी साचलं होतं. ढिगाच्या मागं कुणीतरी लघवी करून गेलं होतं. वर एका पुढाऱ्याचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स. त्यावर साहेब-मॅडम बोटाएवढे आणि पुढारी हात जोडून पुरुषभर.

घरी आल्यावर तेजलनं फोनवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. एक बाई लिहीत होती, तुमच्याशिवाय जगायचं कसं. ती त्यांना कधी भेटलीही नसेल. त्याच्याच खाली एक जण, "बरं झालं, पैशाचा माज बुडाला." त्याला हसणारी तोंडं शेकड्यांनी.

"यातलं खरं कोण गं आई?" तेजलनं विचारलं.

"दोघंही जेवून उठलेत," मी म्हणाले.

३

आमच्याकडे माणूस गेलं की ते जिथं झोपायचं तिथं पीठ पसरतात. पिठावर दिवा ठेवतात आणि वर बांबूची पाटी उपडी झाकतात. रात्रभर तिकडं कुणी बघायचं नाही. सकाळी पाटी उचलली की पिठात काहीतरी उमटलेलं दिसतं, पाखराचा पाय, मुंगीची रेघ, काहीही. जाणारा कोणत्या वाटेनं गेला ते त्यावरून ओळखतात. मी यावर पूर्ण विश्वास ठेवते असं नाही. पण करते. साहेबांच्या घरच्यांनी सांगितलं नव्हतं, तरी वरच्या खोलीत मॅडम झोपायच्या त्या बाजूला मी पीठ पसरलं आणि संध्याकाळी दिवा लावून पाटी झाकली.

तेवढ्यात टीव्हीवाले आले. साहेबांच्या थोरल्या भावानं मुंबईहून फोन केला होता, त्यांना आत येऊ द्या म्हणून. वार्ताहराचं नाव निलेश. पोरगा वाईट नव्हता. दारात बूट काढले, मला काकू म्हणाला, पाणी मागून प्याला.

वरच्या खोलीत पाटी बघून तो थबकला. "काकू, हे काय?"

मी सांगितलं. आणि म्हणाले, "पण सकाळपर्यंत उघडायचं नसतं."

"अहो, एकदाच. हळूच."

मी दारातून पुढं होईपर्यंत त्यानं पाटी उचललीही होती. पीठ कोरंच होतं. कॅमेरा धरलेला म्हणाला, "फोकस नव्हता." पाटी पुन्हा झाकली, पुन्हा उचलली. "आता वर बघत उचल, चेहरा अंधारात जातोय. परत एकदा." तीन-चार वेळा तेच. ज्योत दर वेळी वाऱ्यानं आडवी व्हायची आणि पुन्हा उभी राहायची.

ते गेल्यावर मी पाटी नीट झाकून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उचलली तर पीठ कोरंच. त्याच सकाळी फरशीवर पहिल्यांदा पावलं दिसली.

४

रोज पुसायची, रोज यायची. कधी सकाळी, कधी भर दुपारी. पुढच्या दारापासून पहिल्या पायरीपर्यंतच, वर कधीच नाही. प्लंबरला बोलावून पाइप तपासून घेतले. तो म्हणाला, पाइप कोरडे आहेत, मावशी.

निलेश पुन्हा आला तेव्हा दुपार होती. बाहेर उन्हात लॅपटॉपवर दिसत नाही म्हणून तो स्वयंपाकघरात ओट्यापाशी येऊन बसला. मी पोहे दिले. एका हातानं पोहे खात, दुसऱ्या हातानं तो तोच व्हिडिओ कापत-जोडत होता. कानात इअरफोन. मला आवाज येत नव्हता, नुसतं चित्र दिसत होतं. गाडी घसरली.

दिवाणखान्यात पावलं वाजली. चप्. चप्. ओली, अनवाणी.

निलेशनं व्हिडिओ थांबवला आणि लिंबू पिळलं. पावलं थांबली.

त्यानं पुन्हा सुरू केला. पावलं पुढं आली. एक पूर्ण, एक अर्धं. मग जिन्यापाशी तो आवाज, जो मी वर्षानुवर्षं ऐकला होता. मॅडम आत आल्या की थंडी वाजते म्हणून लगेच म्हणायच्या, "रेणुका, दार लाव गं."

"रेणुका, दार—"

व्हिडिओ संपला होता. काचेवरच्या हातावर चित्र थांबलं होतं.

निलेशनं बोट डावीकडे सरकवलं. गाडी पाण्यातून मागं, उतारावरून वर जाऊ लागली. आणि दिवाणखान्यात पावलं उलटी वाजत दाराकडं गेली. मग त्यानं सोडलं. पावलं परत आली. "रेणुका, दार—" परत मागं. परत पुढं.

माझ्या हातातला झारा खाली पडला. "थांबव ते," मी म्हणाले.

त्यानं इअरफोन काढला. "काय झालं काकू?"

"दिवाणखान्यात जाऊन बघ."

तो बघून आला. "पाणी सांडलंय तिथं. घसराल हां."

मी बघितलं. पावलं एकावर एक इतकी उमटली होती की ती पावलंच राहिली नव्हती. पहिल्या पायरीपाशी नुसतं गढूळ डबकं होतं, त्यात एक लांब केस. दार लाव म्हणायला आलेली बाई तेवढंसुद्धा बोलू शकत नव्हती. जो कुणी कुठं बसून बघेल, त्याच्यासाठी तिला पुन्हा दारातून यावं लागत होतं.

"हा व्हिडिओ काढून टाक रे बाबा," मी म्हणाले. "सगळीकडून काढ."

"आता ते आमच्या हातात कुठं आहे?" तो खरंच समजुतीनं बोलला. "आणि काकू, लोकांना वाईट वाटतं म्हणूनच बघतात ना?"

"वाईट वाटलं की माणूस नजर खाली घालतो."

तो हसला आणि उरलेले पोहे खाल्ले.

५

निवृत्तीची आई, बयाबाई, त्याची कपड्यांची पिशवी न्यायला आली तेव्हा मी तिला मागच्या पायरीवर बसवलं. टाकव्यापर्यंत चालत आली होती, एसटी मिळाली नव्हती. पिशवीतला शर्ट तिनं हुंगला आणि घडी घालून परत ठेवला.

"तुमच्याकडं दिवा ठेवला होता ना, मावशी?" मी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. "ठेवलता की. अगं, वासराचं पाऊल उमटलं. येवढंसं. लय गोड. धाकला व्हता तवापासनं गुरांत रमायचा. गेला माझा ल्योक सुखानं."

मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. या बंगल्यात निवृत्तीची पावलं कधी उमटली नव्हती. मागची कडी कधी वाजली नव्हती. व्हिडिओत लोक मागची काच बघत होते, पुढच्या काचेकडं कुणाची नजरच नव्हती. कुणी बघितलं नाही, म्हणून तो सुटला.

पण बयाबाईनं पदराच्या गाठीतून एक फोटो काढला. निवृत्ती, बंगल्याच्या फाटकापाशी, गाडीला टेकून. "ह्यो टीव्हीवर लावत्याल का, इचार की भाईरच्या त्या पोराला. त्या दोघांचं बारसं झाल्यापासनं सगळं दाखवलं. माझ्या लेकराचं नाव न्हाई घेतलं कुनी. गावात मला इचारत्यात, तुजा खरंच व्हता का गं त्या गाडीत?"

"मावशी, नको."

"का?"

काय सांगणार होते मी? की तुझा मुलगा विसरला गेला हेच त्याचं भाग्य? ज्या आईनं पोर जाळलं तिला असं कसं सांगायचं? तरी मी सांगितलं. पावलांचं, आवाजाचं, डबक्याचं. तिचा हात धरून सगळं सांगितलं.

तिनं हात सोडवून घेतला. "मोठ्यांची रडली समदी दुनिया, ते चाललं तुला. माझ्याचं कुनी रडाया लागलं तर तुज्या पोटात दुखतंय व्हय?"

निलेश फाटकाबाहेर त्याच्या टीव्हीच्या गाडीपाशी उभा होता. ती स्वतःच उठून त्याच्याकडं गेली.

६

बयाबाईच्या घरी चित्रीकरणाला मीही गेले. तिला एकटीला सोडवेना. भातखाचरांच्या कडेला दोन खोल्यांचं घर, पडवीत म्हैस. निलेशला दिवा हवा होता. "आजी, तुम्ही पाटी उचलली, वासराचं पाऊल दिसलं, तेच पुन्हा करून दाखवायचं."

"एकाच माणसाचा दिवा दोनदा लावत नाहीत," मी म्हणाले. "मावशी, तुम्हाला माहिती आहे."

तिला माहिती होतं. तिचा पिठाचा डबा धरलेला हात थांबला. निलेश हळूच म्हणाला, "याच्यावरच सगळी स्टोरी आहे, आजी. लोकांना निवृत्तीभाऊ कळतील."

तिनं पीठ पसरलं. दिवा ठेवला. पाटी झाकली, उचलली. पीठ कोरं.

"ठीक आहे, बोटानं काढू," कॅमेरावाला म्हणाला, आणि त्यानंच करंगळीनं पिठात दोन खुणा उठवल्या. "आता रडा, आजी. नाही, असं पदरात तोंड घालून नको. मान वर. इकडं बघून." ती रडली. ते खरं रडणं होतं, पोटातून आलेलं. म्हैस मध्येच रेकली. "आवाज बिघडला. परत एकदा."

बयाबाईनं डोळे पुसले, मान वर केली आणि परत रडली. दुसऱ्यांदा तिला ते जास्त चांगलं जमलं. मी उठून अंगणात गेले.

संध्याकाळी ते दाखवलं. "दोषी की नायक? कोण होता गाडी चालवणारा?" आईचं रडणं, आणि मग तोच व्हिडिओ. पण या वेळी गाडीच्या पुढच्या काचेभोवती त्यांनी लाल गोल काढला होता. गोलाच्या आत अंधुक, कुणीतरी दाराशी झटत होतं. एवढे दिवस ते तिथंच होतं. कुणाला दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना दिसलं.

तेजल म्हणाली, "आई, प्रतिक्रिया बघ. म्हणतात दारू प्यायला असणार. म्हणतात खरा हिरो. म्हणतात ड्रायव्हर लोक असेच."

मी फोन पालथा केला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी पुसून मी चहाचं आधण ठेवलं. मागचं दार बंद होतं, थंडी होती म्हणून. कडी वाजली. दोन बोटांनी, हळूच.

"ताई, घोटभर—"

मी जागची हलले नाही. दार खालून जरा उचललेलं आहे, पाणी जायला फट आहे. त्या फटीतून पायरीवरचं ऊन दिसतं. उन्हात दोन पाय उभे होते. पांढरे, सुरकुतलेले, नखं काळी पडलेली. शेजारी, वरून, हातातल्या चपलांमधलं पाणी ठिबकत होतं. मग तिथं नुसतं ऊन उरलं.

क्षणभरानं परत कडी. "ताई, घोटभर—"

परत. आणि परत. लोक नाश्ता करत असतील, गाडीची वाट बघत असतील, संडासात बसले असतील. बघत होते. मी चहा गाळला आणि दार न उघडता ओट्यावर ठेवून दिला. त्यावर साय धरली. प्यायला घेतला तर गाळाचा वास.

८

ही गोष्ट मी बयाबाईपासून लपवली असती. पण ती पिशवी विसरली होती, तीच न्यायला परत आली, आणि पायरीवर पाय ठेवणार तोच कडी वाजली. मी आत, ती बाहेर. तिला काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ती हसत होती.

तेव्हापासून ती इथंच आहे. भांडी घासते, मागच्या पायरीजवळ झोपते. गावातल्या पोराकडून फोन आणलाय, व्हिडिओ कसा लावायचा तेवढंच शिकलीये. जग आता दुसऱ्या मयताकडं वळलंय, कुठंतरी विमान पडलं म्हणे. वळणावरच्या मेणबत्त्यांचं मेण कुत्री चाटतात. दिवाणखान्यातली पावलं कमी झालीयेत, काही दिवस तर फरशी कोरडी असते. मॅडम सुटतील असं मला वाटायला लागलंय. निवृत्तीही सुटला असता.

पण बयाबाई व्हिडिओ लावत राहते, आणि दर वेळी तो थोडा कमी येतो. हे मीच बघितलंय, फटीतून. आधी नखं गेली. मग बोटं एकमेकांत मिसळली, पुन्हा पुन्हा पुसलेल्या फरशीवरच्या पावलासारखी. शेजारी चपलांचं पाणी आता ठिबकत नाही, त्या धरायला हात आहे की नाही कुणास ठाऊक. "ताई" जाऊन नुसतं "घोट" उरलं, आणि काल तेही नव्हतं. पाण्यात तोंड उघडल्यावर येतो तेवढाच आवाज होता.

आज मी तिच्यासमोर बसले. "मावशी, तो झिजतोय. त्याला जाऊ द्या. वासराचं पाऊल उमटलं होतं ना? तुम्हीच सांगितलं, सुखानं गेला म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "वासरू च्या मागतंय व्हय गं?"

"आता तोही मागत नाही."

"मागंल," ती म्हणाली.

मी फोन ओढून घ्यायला हात पुढं केला. तिनं तो छातीशी धरला, लेकराला धरावं तसा, आणि माझा हात तिथंच थांबला. तिनं पदर नीट केला. मान वर केली, त्या कॅमेरावाल्यानं शिकवली होती तशी, चेहरा उजेडात येईल अशी. तिच्या हातात तो लाल गोल पेटला.

"परत एकदा," ती फोनलाच म्हणाली.

कडी वाजली. आता ती बोटांनी वाजत नव्हती.

"आला," बयाबाई म्हणाली. "आला बघ."